स्टेम सेलपासून हाडाचं टिश्यू: ग्रोथ फॅक्टर कधी घालायचा, कधी थांबवायचा आणि प्लेट नेमकी कुठं बिघडते

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली बरीच पोरं आता एमएस्सी, एमडीएस नाहीतर पीएचडीला स्टेम सेलवर काम करायलीत, आणि सबमिशन जवळ आलं की सगळ्यांचा फोटो एकच असतो: २४ वेलची (खळग्यांची) प्लेट, कॅल्शियमला लागणाऱ्या डायनं अर्धे वेल लालभडक, कंट्रोल (तुलनेसाठी काही न घातलेले वेल) पण लाल, आणि खाली प्रश्न, हाड झालं का? आता कंट्रोलच लाल असेल तर त्याचं उत्तर कोण देणार. बहुतेकांकडं प्रोटोकॉल बरोबर असतो, महागाचा बीएमपी-२ (पेशींना हाडाकडं वळवणारा प्रोटीन, म्हणजे ग्रोथ फॅक्टर) पण आणलेला असतो, चुकतंय ते क्रमात. कुठला घटक आधी, कुठला नंतर, कुठला कधी बंद करायचा आणि काय मोजल्यावर काय म्हणता येतं, एवढ्यातच सगळं अडकतंय. म्हणून खालचं सगळं क्रमानं लिहिलंय, मधले टप्पे गाळू नका.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे लॅबमधल्या प्लेटपुरतं आहे. गुडघ्यात स्टेम सेलचं इंजेक्शन घेऊ का, मामाचं फ्रॅक्चर भरत नाही तर हे चालेल का, असलं विचारायला हा लेख नाही. मंजूर झालेल्या क्लिनिकल ट्रायलच्या बाहेर असं काही कुणी देत असेल तर लांब राहा.

टप्पा १: कागद आधी, दात नंतर

आपल्याकडं पेशी बहुतेक दोन ठिकाणांहून येतात. एक म्हणजे विकत आणलेली बोन मॅरो मेझेनकायमल पेशींची (हाड-चरबी-कूर्चा बनू शकणाऱ्या स्टेम सेलची) व्हायल, दुसरं म्हणजे डेंटल ओपीडीत काढलेल्या अक्कलदाढेचा पल्प (आतला मऊ गाभा). दुसरा मार्ग स्वस्त आहे म्हणून सगळे तिकडं पळतात, पण दाढ कचऱ्यात जाणार होती म्हणून परवानगी लागत नाही असं नाही. आयसीएमआर आणि डीबीटीच्या २०१७ च्या गाइडलाइनप्रमाणं संस्थेच्या स्टेम सेल कमिटीची आणि एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आणि पेशंटची लेखी संमती लागते.

संमतीचा फॉर्म कन्नड आणि मराठी दोन्हीत छापून ठेवा. बैलहोंगलचा पेशंट कन्नड वाचणार, खानापूरची आजी मराठी, आणि निपाणीकडचा माणूस दोन्ही बोलतोय पण वाचताना एकच भाषा वाचतोय. इंग्रजी फॉर्मवर सही घेऊन तोंडी समजावलं, हे कमिटीसमोर टिकत नाही.

टप्पा २: कॅलेंडर, वीज, पावसाळा

हा प्रयोग पेरणीपासून लाल रंगापर्यंत तीन ते चार आठवडे सलग चालतो आणि त्यात सुट्टी नसते. सोमवार-बुधवार-शुक्रवार मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) बदलायचं धरलं तर कॅलेंडर भिंतीवर लावून आधी बघा, गणपती विसर्जन कुठल्या वारी येतंय, दिवाळी कधी, डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना रस्ते कधी बंद असणार. विसर्जनाच्या रात्रीनंतर सकाळी लॅब गाठणं म्हणजे काय ते बेळगावकराला सांगायला नको. त्या आठवड्यात सुरुवातच करू नका.

इन्क्यूबेटर यूपीएसवर आहे का आणि यूपीएस खरंच चालतोय का ते लाईट गेल्यावर नाही, आधी बघायचं. आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडं जो पाऊस आणि दमट हवा असते त्यात बुरशी हा सगळ्यात मोठा शत्रू. इन्क्यूबेटरच्या ट्रेमधलं पाणी दर आठवड्याला बदला, निर्जंतुक डिस्टिल्ड पाणीच घाला, ओल्या छत्रीचा हात घेऊन कल्चर रूममध्ये जाऊ नका. तीन आठवड्यांची प्लेट विसाव्या दिवशी बुरशीनं गेली की परत सगळं पहिल्यापासून.

तपासा: गोठवलेल्या पेशी उठवण्याआधी मायकोप्लाझ्मा (साध्या मायक्रोस्कोपला न दिसणारा जीवाणू) टेस्ट झालीय का? नसेल तर पुढं जाऊ नका. वरून पेशी निरोगी दिसतात आणि आकडे मात्र दर वेळी वेगळे येतात, तेव्हा कारण बहुतेक वेळा हेच असतं.

टप्पा ३: पेशी कुठल्या आणि किती म्हाताऱ्या

पल्प काढायचा तर दाढ थंड पीबीएसमध्ये (मिठाचं बफर द्रावण) अँटिबायोटिक घालून बर्फावर आणायची, त्याच दिवशी उघडायची. पल्प बारीक चिरून कोलॅजिनेज टाइप १ (३ मिलीग्रॅम प्रति मिली) आणि डिस्पेज (४ मिलीग्रॅम प्रति मिली) या एन्झाइममध्ये ३७ अंशाला तासभर, मग ७० मायक्रॉनच्या गाळणीतून. यावर यूट्यूबवर भरपूर आहे म्हणून जास्त लिहित नाही.

मिळालेल्या पेशी मेझेनकायमल आहेत हे दाखवावं लागतं. प्लास्टिकला चिकटणाऱ्या, पेशीच्या पृष्ठभागावरच्या मार्करपैकी सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ पॉझिटिव्ह ९५ टक्क्यांच्या वर, सीडी४५, सीडी३४, एचएलए-डीआर वगैरे २ टक्क्यांच्या आत, आणि हाड-चरबी-कूर्चा तिन्हीकडं जाणाऱ्या. हे २००६ पासूनचे निकष आहेत आणि परीक्षक पहिलं हेच विचारतो.

पॅसेज (पेशी उचलून नव्यानं पेरायची फेरी) ३ ते ५ मध्येच प्रयोग करा. आठव्या-नवव्या पॅसेजला पेशी पसरट, मोठ्या आणि संथ होतात, मग त्यांना कितीपण बीएमपी पाजा. आणि सगळे ग्रुप एकाच पॅसेजच्या पेशींचे पाहिजेत, कंट्रोल पॅसेज ३ चा आणि टेस्ट पॅसेज ५ ची असलं चालत नाही.

टप्पा ४: स्टॉक सोल्युशन, इथंच निम्म्या प्लेट मरतात

ग्रोथ फॅक्टरच्या आधी बेस मीडियम बरोबर पाहिजे. माणसाच्या पेशींना नुसता बीएमपी-२ दिला की त्या हाडाकडं धावतात असं नाही, उंदराच्या पेशी ऐकतात तेवढ्या आपल्या ऐकत नाहीत. माणसाच्या पेशींना बहुतेक वेळा डेक्सामेथासोन, अॅस्कॉर्बेट आणि बीटा-ग्लिसेरोफॉस्फेट हे तिघं सोबत लागतातच.

डेक्सामेथासोन: शेवटचं प्रमाण १०० नॅनोमोलर. मॉलिक्युलर वेट ३९२.५. चार मिलीग्रॅम वजन करायच्या भानगडीत पडू नका, सुमारे १० मिलीग्रॅम घ्या आणि जेवढं आलं तेवढ्याप्रमाणं इथेनॉल घाला. बरोबर १० आलं तर २५.५ मिली, म्हणजे १ मिलिमोलर स्टॉक. त्यातलं १० मायक्रोलिटर १०० मिली मीडियमला. इथं एक शून्य चुकून १०० मायक्रोलिटर पडलं की १ मायक्रोमोलर होतंय, आणि मग दुसऱ्या आठवड्यात पेशींत चमकदार थेंब दिसायला लागतात, ती चरबी आहे. थेंब दिसले की आधी डेक्साची वही बघा, पेशींना दोष देऊ नका.

अॅस्कॉर्बेट: साधं अॅस्कॉर्बिक अॅसिड ३७ अंशाला मीडियममध्ये दिवसभर पण धड टिकत नाही, म्हणून अॅस्कॉर्बिक अॅसिड-२-फॉस्फेट वापरा. ५० मायक्रोमोलर पाहिजे. मॅग्नेशियम सॉल्ट असेल (वेट २८९.५) तर १४.५ मिलीग्रॅम १ मिली पाण्यात, म्हणजे ५० मिलिमोलर, त्यातलं १०० मायक्रोलिटर १०० मिलीला. एका पेपरात ५० मायक्रोमोलर असतंय आणि दुसऱ्यात ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली, हे दोन्ही एकच समजू नका. साध्या अॅस्कॉर्बिक अॅसिडचं ५० मायक्रोग्रॅम म्हणजे जवळजवळ २८४ मायक्रोमोलर. दोन्ही वापरात आहेत, पण तुम्ही एक धरा आणि थीसिसमध्ये तेच लिहा.

आणि एक बारीक गोष्ट, जी कुणी सांगत नाही: नेहमीच्या अल्फा-एमईएममध्ये अॅस्कॉर्बिक अॅसिड आधीच असतंय, लिटरला ५० मिलीग्रॅम. म्हणजे तुमचा "काहीच न घातलेला" कंट्रोल खरं तर रिकामा नाही. अॅस्कॉर्बिक अॅसिड नसलेली अल्फा-एमईएम मिळते, नाहीतर लो ग्लुकोज डीएमईएम घ्या.

बीटा-ग्लिसेरोफॉस्फेट: १० मिलिमोलर, त्याच्या वर नाही. बाटलीवर बघा, पाण्याशिवायचं डायसोडियम सॉल्ट आहे (वेट २१६) का पेंटाहायड्रेट (३०६). १ मोलर स्टॉकला १०० मिलीत पहिलं २१.६ ग्रॅम लागतं, दुसरं ३०.६ ग्रॅम. पेंटाहायड्रेट आणून २१.६ ग्रॅम घातलं की १० च्या जागी ७ मिलिमोलरच होतंय, आणि मग मिनरल (कॅल्शियम फॉस्फेट) का कमी म्हणून महिना जातो. स्टॉकमधलं १ मिली १०० मिली मीडियमला.

थांबा: मिनरल लवकर यावं म्हणून ग्लिसेरोफॉस्फेट २० किंवा ३० मिलिमोलर करणारे लई आहेत. लाल रंग येतो, येणारच, कारण पेशी मरतात आणि मेलेल्या पेशींवर कॅल्शियम फॉस्फेट आपोआप बसतं. त्याला हाड म्हणत नाहीत.

सगळं ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून (डेक्सा इथेनॉलमध्ये आहे, ते सोडून), छोट्या भागांत उणे २० ला. तयार ऑस्टिओजेनिक मीडियम (वरचे तिन्ही घटक घातलेलं) फॉइल गुंडाळून ४ अंशाला ठेवा, आठवड्यापुरतंच करा.

मीडियममध्ये घालायच्या सीरमचा लॉट पूर्ण प्रयोगभर एकच. अर्ध्यात बाटली संपली आणि शेजारच्या लॅबमधून मागून आणली, की त्या दिवसापासून तो वेगळा प्रयोग झाला असं धरा.

टप्पा ५: बीएमपी-२ ची बाटली

आधी मागवायचं कधी ते. बेंगळुरूहून किंवा मुंबईहून येणारं थंड पार्सल शुक्रवारी निघालं तर रविवारभर कुठल्या तरी गोदामात पडून राहतंय. सोमवारी पाठवा असं लेखी सांगा, आणि डबा उघडल्या उघडल्या आतला बर्फ शिल्लक आहे का त्याचा फोटो काढा. कोरडी पावडर थोडं सहन करते, पण भांडायला पुरावा लागतो.

बाटली उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडं फिरवा. १० मायक्रोग्रॅम म्हणजे डोळ्याला काहीच दिसत नाही, ती पावडर झाकणाला चिकटलेली असली तर झाकणासोबत जाते. विरघळवायला आपल्या लॉटची शीट वाचा. बऱ्याच कंपन्या ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक अॅसिड आणि त्यात ०.१ टक्के अल्ब्युमिन असं सांगतात. थेट पीबीएस किंवा मीडियम ओतू नका. बीएमपी-२ ला न्यूट्रल पीएच आवडत नाही, जास्त प्रमाणात असला की तिथं तो गोळा होऊन खाली बसतो, ई. कोलायमध्ये बनवलेला तर जास्तच. व्होर्टेक्स करू नका, हळू फिरवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा.

१० मायक्रोग्रॅमला १०० मायक्रोलिटर घातलं की १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीचा स्टॉक झाला. १ मिली मीडियमला १ मायक्रोलिटर म्हणजे १०० नॅनोग्रॅम. साधारण ५० ते २०० च्या मध्ये लोक वापरतात, १०० पासून सुरू करायला हरकत नाही.

आता हिशोब आधीच करा, कारण हा प्रोटीन सोन्याच्या भावानं येतो. समजा तीन प्लेट आहेत (७, १४ आणि २१ दिवसांच्या), प्रत्येकीत पुढच्या टप्प्यात सांगितल्याप्रमाणं बीएमपीचे ९ वेल, वेलला अर्धा मिली. सोम-बुध-शुक्र धरलं तर पहिल्या प्लेटला ३ वेळा, दुसरीला ६, तिसरीला ९ वेळा मीडियम, एकूण १८. प्रत्येक वेळी ४.५ मिली, म्हणजे ८१ मिली, म्हणजे ८.१ मायक्रोग्रॅम. पिपेटला लागून जातंय ते धरलं तर १० मायक्रोग्रॅमची एक बाटली एका डोनरला जेमतेम पुरते. म्हणून अलिकॉटपण (एका वेळेपुरते छोटे भाग) तसेच पाडा: पहिल्या आठवड्याला १५ मायक्रोलिटरचे तीन, दुसऱ्याला १० चे तीन, तिसऱ्याला ५ चे तीन. लो-बाइंडिंग ट्यूबमध्येच, उणे ८० ला. एक अलिकॉट एकदाच काढायचा, उरलेला परत गोठवायचा नाही.

तपासा: नवीन बाटली जिवंत आहे का ते मुख्य प्लेटवर शोधू नका. उंदराच्या सी२सी१२ पेशी असतील तर त्यांना दोन-तीनशे नॅनोग्रॅम प्रति मिली देऊन तीन दिवसांनी अल्कलाइन फॉस्फटेज (हाडाकडं वळणाऱ्या पेशींत वाढणारा एन्झाइम) बघा, चढला पाहिजे. नाहीतर तुमच्याच पेशींना तासभर देऊन फॉस्फो-स्मॅड१/५ चा (बीएमपीचा सिग्नल पेशीत पोचल्याची खूण) ब्लॉट करा. दोन्हीत काही नाही आलं तर बाटली गेली, आठवडे वाया घालवू नका.

टप्पा ६: ग्रुप कागदावर काढा

प्लेटचा नकाशा काढल्याशिवाय ट्रिप्सिनला (पेशी सुटवणारा एन्झाइम) हात लावू नका. कमीत कमी हे पाहिजेत: नुसतं ग्रोथ मीडियम; ग्रोथ मीडियम अधिक बीएमपी-२; ऑस्टिओजेनिक मीडियम; ऑस्टिओजेनिक अधिक बीएमपी-२; आणि पेशीच नसलेले वेल, ज्यांत ऑस्टिओजेनिक मीडियम आणि बीएमपी दोन्ही आहेत. प्रत्येकी ३ वेल, एकूण १५. ज्यांत बीएमपी नाही त्यांत तेवढंच अॅसिड-अल्ब्युमिनचं द्रावण घालायचं, म्हणजे फरक पडला तर बीएमपीचाच.

पेशी नसलेले वेल सगळे गाळतात. प्लेट वाया जाते म्हणतात. पण मीडियममधूनच कॅल्शियम फॉस्फेट खाली बसलंय का हे दाखवणारा दुसरा कंट्रोल तुमच्याकडं नाही. पैसे असतील तर नॉगिन घातलेला एक ग्रुप ठेवा, तो बीएमपीला अडवतो. नॉगिननं परिणाम गेला तर तुमचं म्हणणं पक्कं होतंय.

एक ग्रुप पूर्ण कडेच्या वेलमध्ये टाकू नका, तिथलं पाणी जास्त उडतं. रिकाम्या वेलमध्ये निर्जंतुक पाणी भरा. आणि तीन वेल म्हणजे एन (नमुन्यांची संख्या) बरोबर तीन नव्हे, ते एकाच माणसाच्या पेशींचे तीन वेल. तीन वेगळे डोनर पाहिजेत, एका अक्कलदाढेवर ग्राफ काढून स्टार लावू नका.

टप्पा ७: आधी वाढवा, मग एफजीएफ थांबवा, मग पेरा

ग्रोथ फॅक्टरच्या क्रमातली सगळ्यात मोठी चूक इथं होते. एफजीएफ-२ हा दुसरा ग्रोथ फॅक्टर वाढीच्या काळात चांगला, मिलीला १ ते ५ नॅनोग्रॅम दिला की पेशी भराभर वाढतात आणि तरुण राहतात. पण तोच तसाच चालू ठेवून वर बीएमपी-२ घातला की पेशींना एकाच वेळी वाढा पण आणि थांबा पण असं सांगितल्यासारखं होतंय, आणि अल्कलाइन फॉस्फटेज वर यायच्या ऐवजी दबतो. पेरणीच्या आधी एक-दोन दिवस एफजीएफ-२ बंद, पेरताना धुऊन पूर्ण काढलेला.

टीजीएफ-बीटा१ या ग्रोथ फॅक्टरचंपण तसंच आहे. सुरुवातीला तो पेशी वाढवतो, मॅट्रिक्स (पेशींभोवतालचं जाळं) बनवतो, पण नंतरपर्यंत चालू राहिला की मिनरल अडवतो. दोन फॅक्टर एकत्र घातले म्हणजे दुप्पट हाड, असं गणित इथं नाही. पहिल्या प्रयोगाला एकच फॅक्टर घ्या. एकत्र बघायचंच असेल तर आधी कुठला आणि कधीपर्यंत, हाच तुमचा प्रश्न असू द्या.

वाढवताना चौरस सेंटिमीटरला ३ ते ५ हजार पेशी, ७० ते ८० टक्के भरल्या की उचलायच्या. इंडक्शनसाठी १० हजारांच्या आसपास पेरा. २४ वेलच्या एका वेलचं क्षेत्र १.९ चौरस सेंटिमीटर, म्हणजे वेलला साधारण २० हजार. पेरल्यावर प्लेट गोल गोल फिरवू नका, सगळ्या मध्यभागी जमतात. पुढं-मागं, डावीकडं-उजवीकडं हलवा आणि हूडमध्येच दहा मिनिटं राहू द्या.

तीन आठवडे टिकवायचं असेल तर वेलला आधी ०.१ टक्के जिलेटिन किंवा टाइप १ कोलॅजन लावा. नाहीतर काय होतं, पेशी दाट होतात, मॅट्रिक्स बनतं, आणि अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी सगळा थर कडेपासून सुटतो, दुधावरची साय चमच्यानं गोळा व्हावी तसा मध्ये येऊन बसतो. त्या गोळ्यावर अॅलिझरिन (कॅल्शियमला लाल करणारा डाय) लावलं तर तो लाल दिसणारच आणि मोजता काहीच येणार नाही.

टप्पा ८: शून्य दिवस ते एकविसावा दिवस

पेशी ८० ते ९० टक्के भरल्या की शून्य दिवस, तो सोमवारी येईल असं बघा. ग्रोथ मीडियम काढा, एकदा धुवा, आणि प्रत्येक ग्रुपचं मीडियम घाला. ऑस्टिओजेनिक मीडियम आधी ३७ ला आणा, बीएमपी सगळ्यात शेवटी, घालायच्या वेळीच मिसळा. बीएमपी मिसळल्यावर परत फिल्टर करू नका, तो फिल्टरला चिकटून राहतो आणि तुम्ही पेशींना महागडं पाणी घालता.

दर सोम-बुध-शुक्र पूर्ण मीडियम बदला. सक्शनचं टोक वेलच्या कडेला, तळाला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून हातानं पिपेटच वापरा, पंप लई ओढतो. नवीन मीडियम भिंतीवरून सोडा.

दर बदलाला मायक्रोस्कोपखाली एक नजर आणि वहीत एक ओळ. पहिल्या आठवड्यात लांबट पेशी थोड्या चौकोनी, दाट होतात. दुसऱ्यात थर दिसायला लागतो. तिसऱ्यात काळपट दाणे. पाचव्या दिवशीच दाणे दिसले तर खुश होऊ नका, पेशी नसलेल्या वेलमध्ये बघा, तिथं पण असतील तर मीडियमच फाटलंय.

टप्पा ९: अल्कलाइन फॉस्फटेज, ७ आणि १४ दिवस

हा लवकरचा मार्कर, ७ ते १४ दिवसांच्या आसपास चढतो आणि नंतर उतरतो. एकविसाव्या दिवशी मोजून "कमी आला" म्हणणारे बघितलेत, तेव्हा तो कमीच असणार.

सीरममध्ये स्वतःचा अल्कलाइन फॉस्फटेज असतो, म्हणून दोन-तीनदा नीट धुवा. पेशी फोडा, पी-नायट्रोफेनिल फॉस्फेट घाला, बफरचा पीएच १० च्या आसपास, मॅग्नेशियम असलेला, ४०५ नॅनोमीटरला वाचा. आलेला आकडा तसाच लिहू नका. ज्या वेलमध्ये पेशी जास्त तिथं फॉस्फटेज जास्त असणारच, म्हणून डीएनएनं किंवा प्रोटीननं भागा. डीएनए बरा, कारण तिसऱ्या आठवड्याकडं मॅट्रिक्सचं प्रोटीनच भरमसाठ होतंय आणि भागाकार फसतो.

रंगवून बघायचं तर पेशी फार वेळ फिक्स करू नका, एन्झाइम मरतो. एक-दोन मिनिटं पुरे.

टप्पा १०: अॅलिझरिन रेड, २१ दिवस

४० मिलिमोलर, म्हणजे १०० मिली पाण्यात १.३७ ग्रॅम. पीएच ४.१ ते ४.३, डायल्यूट अमोनियानं हळूहळू आणायचा आणि मीटरवर बघायचा, पट्टीवर नाही. पीएच चुकला की सगळीकडं फिकट लाल पसरतो आणि दाणे वेगळे दिसत नाहीत. वापरायच्या आधी गाळा.

पेशी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये पंधरा मिनिटं, मग डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, पीबीएसनं नाही. डाय घालून वीस ते तीस मिनिटं. परत पाण्यानं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. आणि हे पाणी खरोखर डिस्टिल्ड किंवा मिली-क्यू पाहिजे. बोअरचं पाणी येणाऱ्या लॅबमध्ये घाईत नळाखाली प्लेट धरली की पाण्यातलं कॅल्शियमच डायला जाऊन बसतं, ठिपके येतात, ते तुमचे नव्हेत.

नुसता फोटो पुरत नाही. १० टक्के सेटिलपायरिडिनियम क्लोराइडमध्ये डाय विरघळवा, अर्धा-एक तास हलवत ठेवा, ५६२ नॅनोमीटरला वाचा, आणि पेशी नसलेल्या वेलचा आकडा वजा करा.

टप्पा ११: जीन बघितल्याशिवाय हाड म्हणू नका

अॅलिझरिन कॅल्शियम दाखवतं, हाड दाखवत नाही. हाडाच्या जीनपैकी रन्क्स२ आणि कोलॅजन१ए१ लवकर चढतात (३ ते ७ दिवस), ऑस्टेरिक्स त्यानंतर, ऑस्टिओपॉन्टिन आणि ऑस्टिओकॅल्सिन उशिरा (१४ ते २१). एकाच दिवशी सगळे जीन मोजून अर्धे आले नाहीत म्हणून रडू नका. आणि डेक्सामेथासोन स्वतःच ऑस्टिओकॅल्सिन दाबतो, म्हणून मिनरल भरपूर पण ऑस्टिओकॅल्सिन कमी असं दिसू शकतं, त्यात गोंधळून जायचं कारण नाही.

दाढेच्या पल्पच्या पेशी वापरल्या असतील तर आणखी एक अडचण आहे. त्या डेंटिन (दाताचा कठीण भाग) पण बनवू शकतात, आणि फॉस्फटेज-अॅलिझरिन दोन्हीला तेवढंच लाल-निळं दाखवतात. डीएसपीपी हा डेंटिनचा जीन सोबत मोजा. नाहीतर व्हायवाला परीक्षक हळूच विचारतो, हे हाड कशावरून, दात कशावरून नाही, आणि मग खिडकीबाहेर बघायची वेळ येते.

टप्पा १२: स्कॅफोल्डवर चढवायचं असेल तर

वरचं सगळं सपाट प्लेटवर किमान दोन डोनरमध्ये जमल्याशिवाय इकडं येऊ नका. कोरडं स्कॅफोल्ड (पेशींना आधार देणारा सच्छिद्र सांगाडा) आधी मीडियममध्ये भिजवा, जास्तीचं मीडियम टिपून घ्या, मग पेशी थोड्याशा द्रवात (२० ते ५० मायक्रोलिटर) दाट करून वर सोडा, एक-दोन तास चिकटू द्या, मगच वेल भरा. आधीच मीडियम भरलं तर निम्म्या पेशी खाली प्लास्टिकवर जाऊन बसतात. दुसऱ्या दिवशी स्कॅफोल्ड नवीन वेलमध्ये हलवा आणि जुन्या वेलच्या तळाला किती राहिल्यात ते मोजा.

कोलॅजन स्पंजला बीएमपी-२ चिकटतो, पण पहिल्या काही दिवसांत त्यातला बराचसा सुटून जातो. म्हणून किती घातला एवढंच लिहू नका, दर बदलाला काढलेलं मीडियम गोठवून ठेवा आणि एलायझानं (प्रोटीन मोजायची टेस्ट) किती बाहेर आला ते मोजा.

आणि स्कॅफोल्ड हायड्रॉक्सीअॅपटाइटचं किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचं असेल तर अॅलिझरिन लावूच नका. ते सगळं कॅल्शियमच आहे, पेशी न घालता पण लालभडक होतंय. तिथं फॉस्फटेज भागिले डीएनए, जीन, आणि शेवटी काप काढून कोलॅजन आणि ऑस्टिओकॅल्सिनचं स्टेनिंग, सोबत रिकाम्या स्कॅफोल्डचा काप त्याच स्लाइडवर.